एका नाकाची तीन कोटेशनं

पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? कोटेशनसाहेब. खिळे घ्यायचे असोत की क्रेन, तीन ठिकाणचे दर समोर आल्याशिवाय त्यांची सही कागदावर उतरली नाही. निवृत्त झाल्यावर ती सवयही त्यांच्याबरोबर घरी राहायला आली. पंखा, गादी, चष्मा, काहीही घ्यायचं म्हटलं की साहेब तीन दुकानं पालथी घालायचे, घरी येऊन विचार करत बसायचे आणि तेवढ्यात त्यांची बायको चौथ्याच दुकानातून ती वस्तू घेऊन यायची.

माणूस नाकासमोर चालणारा, आणि चालायला समोर नाकही भरपूर. कपाळाखालून सरळ निघायचं, मध्येच उंचवटा घ्यायचं आणि टोकाशी येऊन खाली वाकायचं. साहेबांच्या आईचं तेच, थोरल्या बहिणीचं तेच आणि एकुलत्या एका लेकीचंही तेच. कारखान्याला माल पुरवणारे लोक पाठीमागे म्हणत, "आधी नाक केबिनमध्ये येतं, मग साहेब." हे साहेबांच्या कानावर आलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट मनातून थोडं बरं वाटलं होतं.

लेक तिशीला टेकलेली. दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवत आणि त्यावरून ही मंडळी कवळ्या आणि कॅपा बनवत. दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे, मेणाची वाटी, बारीक कोरण्या आणि डोक्याशी लांब मानेचा दिवा. तिच्या टेबलाच्या बाजूला काचेचं पार्टिशन होतं. दिवा लागला की त्या काचेत तिला स्वतःची एक बाजू दिसायची. मान वळवली तरी दिसायची, नाही वळवली तरी दिसायची.

एका सुट्टीच्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी नाकाचं ऑपरेशन करून घेणार आहे."

"का? श्वासाला त्रास होतोय?"

"नाही. दिसण्यासाठी."

खिडकीशी शिवणयंत्राचा आवाज थांबला. आई लोकांचे कपडे अंगाबरोबर करून द्यायची. त्या क्षणी तिच्या सुईखाली कुणाची तरी पँट होती आणि त्या पँटचा एक पाय हवेतच राहिला.

"कुणी काही बोललं का तुला?" आईनं विचारलं.

"नाही गं. शाळेत पोपट म्हणायचे, ते केव्हाच मिटलं. आता कुणी काही म्हणत नाही. मला ते नकोय, एवढंच."

साहेबांना हे उत्तर जड गेलं. कुणी चिडवलं असतं तर त्याच्यावर चिडता आलं असतं, लेकीची समजूत घालता आली असती. पण "मला नकोय" याला धरायचं कुठून?

"अगं, पण चांगलं धडधाकट अंग..." ते म्हणाले.

"बाबा, मी दिवसभर लोकांना दात करून देते. त्यातल्या निम्म्यांचे स्वतःचे दात शाबूत असतात. वाकडे असतात, पिवळे असतात, म्हणून घासून घेतात आणि वर कॅप बसवतात. मी त्यांना विचारत बसते का, की का हो बुवा?"

साहेबांच्या ओठांवर पुष्कळ काही येऊन गेलं. माझं नाक. माझ्या आईचं नाक. तू जन्मलीस तेव्हा नर्सनं तुला आणलं आणि काही न विचारता सरळ माझ्याच हातात दिलं, ते कशावरून? यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. बाहेर पडलं ते भलतंच.

"किती सांगितलेत?"

लेकीनं आकडा सांगितला. शहरातले नावाजलेले सर्जन होते, त्यांचा.

"अगं बाई!" आई म्हणाली. "एवढ्यात तर स्वयंपाकघर नवं होईल!"

"परदेशात एक क्लिनिक आहे. तिथे याच्या तिसऱ्या हिश्श्यात होतं. विमानतळावर घ्यायला येतात, हॉटेल देतात, नाश्तासुद्धा देतात."

"म्हणजे इथल्या एका नाकात तिकडे तीन नाकं," आई यंत्राचं चाक फिरवत म्हणाली. "घरात आहेतच तेवढी. तुझं, तुझ्या बाबांचं आणि आत्याचं. घाऊक भावात करून घ्या."

साहेब हसले नाहीत. कप बशीवर नीट मध्ये ठेवत म्हणाले, "दोनच कोटेशनं? तिसरं कुठाय?"

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. वडील नाही म्हणतील, दोन दिवस बोलणार नाहीत, आत्याला मध्ये घालतील, अशी सगळी तयारी करून ती बसली होती. या प्रश्नाची तयारी नव्हती.

"तिसरं नाहीये," ती म्हणाली.

"मग आधी ते आण," साहेब म्हणाले आणि पेपर उघडून त्यामागे गेले. पेपर बराच वेळ उलटला गेला नाही.

खरं सांगायचं तर साहेबांचा हिशेब साधा होता. दर काढायचे, तुलना करायची, त्यात वेळ जाऊ द्यायचा. कारखान्यात कितीतरी खरेद्या अशा तुलनेतच थंड पडल्या होत्या. ज्याला वस्तू हवी असायची तोच महिन्याभरानं येऊन सांगायचा, राहू द्या साहेब, जुनंच चालवतो.

पण काम हातात घेतलं की अर्धवट करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते लेकीबरोबर शहरातल्या सर्जनकडे गेले. बैठकीत पांढरे सोफे, काचेच्या भांड्यात पांढरे दगड, आणि वाट बघणाऱ्या बायका एकमेकींच्या चेहऱ्याकडे न बघता मोबाइलकडे बघत बसलेल्या. सर्जन उमदे गृहस्थ होते. लेकीकडे पाहण्याआधी त्यांची नजर साहेबांवर गेली आणि ते मनमोकळं हसले.

"अच्छा! मूळ प्रत बरोबर आणलीत तर."

लेक हसली नाही. साहेब मात्र या वेळी हसले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना कळेना. सर्जननी नाक बोटांनी चाचपलं, आतून दिवा टाकून पाहिलं, उंचवटा कमी करता येईल, टोक वर घेता येईल म्हणाले. माणूस आपलं काम जाणणारा होता, याबद्दल साहेबांना शंका उरली नाही. शंका आली ती बाहेर काउंटरवर.

"यात भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी धरली आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, ती वेगळी."

"खोलीचं भाडं?"

"वेगळं, सर."

"औषधं? नंतरच्या खेपा?"

काउंटरवरची मुलगी गोड हसली. "सर, हा नुसता सर्जरीचा अंदाज आहे."

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली. मूळ आकडा दीडपट झाला. वर तारीख मिळणार होती पुढच्या वर्षीची.

परदेशातलं स्वस्त क्लिनिक याच्या उलट. तिकडे सगळंच पॅकेजमध्ये. लेकीच्या फोनवर एक समन्वयक बाई बोलायची. प्रश्न टाकला रे टाकला की उत्तर हजर, शेवटी दोन लाल हृदयं. साहेब शेजारी बसून प्रश्न सांगत आणि लेक ते टाइप करी. ऑपरेशन कोण करणार? आमचे सगळे डॉक्टर अनुभवी आहेत. हृदयं. बिघडलं तर? काही बिघडत नाही, काळजी नसावी. हृदयं. त्यापाठोपाठ हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा फोटो.

"तलावाचं काय करायचंय आपल्याला?" साहेब म्हणाले. "नाकाला प्लास्टर असणार ना?"

तिसरं कोटेशन लेकीनं शोधून काढलं. तेही परदेशातलंच, पण दुसऱ्या देशातलं. तिथून कितीतरी दिवस उत्तरच आलं नाही. आलं तेव्हा दर नव्हताच, प्रश्नांचं भलंमोठं भेंडोळं होतं. कोणती औषधं चालू आहेत? आधी कधी भूल घेतली आहे का? जखम भरायला वेळ लागतो का? नाकाचा स्कॅन पाठवा, पाच बाजूंनी फोटो पाठवा. आणि मध्येच एक प्रश्न असा, की हे करण्यासाठी किंवा न करण्यासाठी कुणी तुमच्यावर दबाव आणतंय का?

लेकीनं तो मोठ्यानं वाचला आणि वडिलांकडे न बघता "नाही" असं लिहिलं. साहेबांच्या ते लक्षात आलं. त्या "नाही"बद्दल त्यांना जरा लाज वाटली आणि जरा हायसंही वाटलं.

मग तिथली सर्जन बाई स्वतः व्हिडिओवर आली. सर्दीनं नाक लाल झालेलं, हातात रुमाल. काय करणार, काय करणार नाही, काय बिघडू शकतं, हे तिनं संथपणे सांगितलं. दहा-बारा जणींमागे एखादीला पुन्हा टेबलावर यावं लागतं, हेही सांगितलं. आतला पडदा थोडा वाकडा आहे, तो सरळ करावा लागेल, त्याचा दर धरला आहे. ऑपरेशननंतर लगेच विमानात बसू देणार नाही. सगळी बेरीज, विमानाचं भाडं आणि राहण्याचा खर्च धरून, शहरातल्या सर्जनपेक्षा थोडी कमी आणि तलाववाल्यांच्या जवळजवळ चौपट होत होती.

तुलना पूर्ण झाली. आता काही ही खरेदी थंड पडत नाही, हे साहेबांना कळून चुकलं. मग त्यांना आठवण झाली आपल्या ताईची.

ताई त्यांच्याहून चांगली सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडली. दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. तोंड फटकळ, आवाज मात्र असा, की चुकून लागलेला फोनही माणूस पटकन ठेवणार नाही. भाची तिचा जीव की प्राण. ताईनं एकदा आपल्या पद्धतीनं पोरीला झापलं की काम फत्ते, असं मनात धरून साहेब तिच्याकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

ताई वर्षानुवर्षं हेच ऐकतेय अशा चेहऱ्यानं ऐकत राहिली. समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता.

"तुझ्याशी ती बोलेल," साहेब म्हणाले. "तू सांगून बघ. आपल्या आईचं नाक आहे ते."

"आईला काय फार आवडायचं का ते?" ताई म्हणाली.

 हा प्रश्न साहेबांना कधी पडला नव्हता.

"दोघींचं मिळून काही कमी करतात का, विचारलंस?"

"कोण दोघी?"

"ती आणि मी."

साहेबांना वाटलं ताई थट्टा करतेय. पण ताईनं रिमोट उचलला आणि टीव्ही पूर्ण बंद केला.

"खात्याची नवी इमारत झाली होती, आठवतं?" ती म्हणाली. "समोर मोठा काउंटर केला होता. आल्यागेल्याला माहिती द्यायची. मी सगळ्यांत जुनी, मला सगळं तोंडपाठ. माझं नाव लागलं होतं. आदल्या दिवशी मोठे साहेब फेरी मारायला आले. माझ्याकडे बघून आमच्या साहेबांना म्हणाले, हिचा आवाज चांगला आहे, हिला आत टेलिफोनच्या बोर्डावरच असू द्या. समोर कुणीतरी प्रसन्न बसवा."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? आणि बोलून तू काय करणार होतास, तीन कोटेशनं मागवणार होतास?"

साहेब जिना उतरून खाली आले, तेव्हा आपण कशासाठी वर गेलो होतो हेच त्यांना धड आठवेना.

लेकीला कळलं तेव्हा ती आत्याच्या गळ्यातच पडली. आई म्हणाली, "मी घाऊक भाव म्हटलं ते थट्टेत म्हटलं होतं हो!" पण एक अडचण होती, आणि ती बारीक नव्हती. दोन वर्षांपूर्वी ताईच्या हृदयात स्टेंट बसवला होता. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू होत्या आणि रक्तदाब मनाला येईल तसा वरखाली व्हायचा. साहेबांनी तिचे रिपोर्ट तिन्हीकडे दाखवले. शहरातले सर्जन फोनवर म्हणाले, हौसेसाठी मी या वयात, या हृदयावर हात घालणार नाही. तिसऱ्या क्लिनिकमधल्या बाईनं सविस्तर उत्तर पाठवलं, पण त्याचा अर्थ तोच. भूल देण्यात धोका, गोळ्या थांबवण्यात धोका, मला माफ करा.

तलाववाल्यांकडून पाच मिनिटांत उत्तर आलं. काही हरकत नाही, कधी येताय? दोन हृदयं.

"बघ," ताई म्हणाली. "एकानं तरी हो म्हटलं."

"ताई, दोघांनी नाही म्हटलंय."

"दोघांना माझी गरज नाही म्हणून म्हटलं. मी जाणार. पैसे माझे, नाक माझं."

"हृदयही तुझंच आहे."

"तेही माझंच. इतकी वर्षं काय तू चालवलंस?"

पुढचा आठवडाभर दोघा भावंडांत शब्द नव्हता. लेक मध्ये अडकली. आत्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी करते आणि तू करू नकोस? ती प्रयोगशाळेत जायची, कवळ्या घासायची आणि संध्याकाळी कुणाचीच बाजू न घेता जेवून झोपायची.

साहेबांचा मात्र आपल्या धंद्यावर विश्वास होता. त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. जो पुरवठादार प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, त्यानं मालाचा नकाशा उघडूनच पाहिलेला नसतो. कारखान्यात असा एक पुरवठादार होता. साहेबांनी एकदा मुद्दाम त्याला आटेच नसलेला बोल्ट मागितला होता, आणि तो म्हणाला होता, उद्या पाठवतो. पण हे ताईला सांगून पटणार नव्हतं. तिला स्वतःच्या कानांनी ऐकायची सवय होती.

ते तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं आणि ती आत जाऊन बसली.

"मी अडवायला नाही आलो," साहेब म्हणाले. "एकच प्रश्न विचारू त्यांना. तूच विचार. उत्तर बरोबर आलं, तर तिकीट मी काढतो."

"कसला प्रश्न?"

"लिही, की माझी दोन्ही फुप्फुसं काढून टाकलेली आहेत. ऑपरेशनला चालेल का?"

ताईनं भुवया वर केल्या. मग चष्मा लावला आणि एका बोटानं सावकाश टाइप केलं. फोन टेबलावर ठेवला. दोघं त्याच्याकडे बघत बसले. लगेचच फोन थरथरला.

ताईनं वाचलं. नंतर पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं, आपल्या त्या टेलिफोनच्या आवाजात. "काळजी नसावी. आमच्याकडे असे पुष्कळ पेशंट येतात. ऑपरेशननंतर आठवडाभर पोहू नये, इतकंच."

तिनं फोन खाली ठेवला. मग हसायला लागली. साहेबही हसायला लागले. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती चष्मा काढून पदरानं डोळे पुसत पुसत हसत होती, आणि मग केव्हातरी हसणं थांबलं तरी पुसणं चालूच राहिलं. साहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं. पाणी आणायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्यांनी तिथे लावला.

ते परत आले तेव्हा ताई म्हणाली, "पोरीचं मात्र त्या सर्दीवाल्या बाईकडे करा. आणि मी बरोबर येणार. विमानाचं तिकीट काढणार म्हणालास ना?"

अशी तिघं परदेशी गेली. आईच्या हातात शिवणाची कामं होती, ती मागं राहिली. निघताना तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पाहिला, कापड बेतण्याआधी पाहावं तसा. म्हणाली, "जा. नीट करून ये."

क्लिनिक एका शांत रस्त्यावर होतं. खाली चष्म्यांचं दुकान, वर दोन मजले. ना पांढरे सोफे, ना तलाव. लाकडी खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ. सर्जन बाईची सर्दी बरी झाली होती. ऑपरेशनआधी तिनं लेकीशी एकटीशी बोलायचंय म्हणून दोघांना बाहेर बसवलं. दार लावलेलं. साहेबांच्या मनात आलं, आत्ता जर ती म्हणाली, नको, तर? मग त्यांनाच जाणवलं, की आपण हे मनात आणायलाही नको होतं.

दार उघडलं. लेक हिरवा गाऊन घालून उभी होती. "जाते बाबा," म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते नाक पाहायची ही त्यांची शेवटची संधी होती, पण त्या वेळी त्यांनी पाहिलं ते तिच्या पायांकडे. फरशी थंड होती आणि पायांत काही नव्हतं.

"पायांत काहीतरी घाल," ते म्हणाले.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा लांबलं. ताईनं वाट बघता बघता शेजारच्या अनोळखी बाईशी खुणांनी गप्पा जमवल्या. साहेब खिडकीशी उभे राहून खालच्या रस्त्यावरचा सफाई कामगार पानं गोळा करताना बघत राहिले. तो गोळा करी, वारा उडवी, तो परत गोळा करी. बाई बाहेर आली, टोपी काढली आणि म्हणाली, सगळं ठीक झालं. साहेब खिडकीपासून मागे फिरले. ते खुर्चीवर बसले. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचे दिवस लेक डोळ्यांखाली निळंजांभळं घेऊन, नाकावर पांढरी पट्टी लावून पडून होती. तोंडानं श्वास घ्यायची, सूप प्यायची आणि चिडायची. एकदा म्हणाली, "कुठून बुद्धी झाली मला!" ताई म्हणाली, "आता झाली आहे ना, मग गप सूप पी." संध्याकाळी ती झोपली की भाऊ-बहीण पाय मोकळे करायला बाहेर पडत. एका फळवाल्याकडे संत्री घेताना त्यानं पैसे परत देता देता दोघांकडे पाहिलं, आधी एकाच्या मग दुसरीच्या नाकाकडे बोट केलं आणि दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. भाऊ-बहीण ना? ताईनं मान डोलावली. त्यानं खूश होऊन एक संत्रं जास्त टाकलं.

"बघ," साहेब म्हणाले, "एक संत्रं फुकट."

"साठ-पासष्ट वर्षांत एक," ताई म्हणाली.

पट्टी काढायच्या दिवशी बाईनं लेकीच्या हातात आरसा दिला. नाक सुजलेलं होतं, पण आकार कळत होता. सरळ, मध्यम, कुणाचंही असू शकेल असं. लेक बराच वेळ आरशात पाहत राहिली. हसली नाही, रडली नाही. तिचे खांदे मात्र खाली आले. साहेबांना पहिल्यांदाच कळलं, की इतकी वर्षं ते वरच होते.

"बाबा?" ती म्हणाली.

आवाज तिचा होता. साहेबांना तो चेहऱ्याशी जोडायला एक क्षण लागला.

"चांगलं काम केलंय," ते म्हणाले. मग हे पुरेसं नाही असं वाटून म्हणाले, "तुला शोभतंय."

"खरं सांगताय?"

"शोभतंय. मला सवय व्हायला वेळ लागेल. ते माझं मी बघतो."

परत येताना विमानतळावर तपासणीच्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यानं लेकीचा पासपोर्ट उघडला आणि तो थबकला. फोटो पाहिला, तिला पाहिलं, परत फोटो पाहिला. लेकीनं क्लिनिकचं पत्र पुढे केलं. त्यानं ते वाचलं, तरी त्याचं समाधान झालं नाही. तेवढ्यात त्याची नजर मागे उभ्या असलेल्या साहेबांवर गेली. त्यानं पासपोर्ट उचलून फोटो साहेबांच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि मान हलवली, इथे जुळतंय म्हणून.

"वडील?" त्यानं विचारलं.

"हो," साहेब म्हणाले. "मी हिचा बाप आहे."

हे वाक्य आयुष्यात त्यांना कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज थोडा मोठा झाला. अधिकाऱ्यानं शिक्का मारला. लेकीनं पलीकडे जाऊन मागे वळून पाहिलं आणि साहेब येईपर्यंत थांबून राहिली. ते आल्यावर तिनं त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

प्रयोगशाळेत ती रुजू झाली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारागीर तिला म्हणाला, "केस कापलेस वाटतं." ती घरी येऊन हे सांगताना इतकी हसली, की आईला यंत्र थांबवावं लागलं. सूज हळूहळू उतरली. साहेब बरेच दिवस तिला बाजूनं बघायचे, घरातलं कपाट हलवल्यावर त्या भिंतीकडे नजर जाते तसे. मग केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं, की दोन-तीन आठवड्यांत आपण तिच्या नाकाकडे पाहिलेलंच नाही. ती बोलत होती, भांडत होती, त्यांचा चष्मा कुठे ठेवलाय ते सांगत होती, आणि ते तिच्याकडे नुसतेच बघत होते.

ताईकडे ते आता जास्त वेळा जायचे. एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी न मोडता म्हणाली, "धाकट्या, त्या सर्दीवाल्या बाईनं हो म्हटलं असतं, तर मी खरंच केलं असतं. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मला अजूनही वाटतं, करायला हवं होतं. पन्नास वर्षांपूर्वी."

साहेबांनी खाली पडलेला एक रुमाल उचलून ढिगावर ठेवला.

"तुला वाईट वाटलं असतं?" ताईनं विचारलं.

साहेबांनी विचार केला. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं नाही.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "पण आलो असतो बरोबर."

ताईनं मान डोलावली. पलंगावरची चादर उचलली आणि तिची दोन टोकं त्यांच्याकडे दिली. "धर," म्हणाली. दोघांनी ती ताणली, एकदा झटकली आणि घडी घालायला एकमेकांकडे चालत आले.